फळ्यावरचा दहावा शब्द

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय चंपतरावजी ठवरे साहेब, प्राचार्या गोपिकाताई, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती प्रेमिला संघपाल खोब्रागडे, त्यांच्या घरची मंडळी, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी आणि मागच्या दारात उभे राहून समोशांवर लक्ष ठेवणारे आमचे स्टाफरूमचे मित्र, या सगळ्यांना नमस्कार आणि जय भीम.

सूत्रसंचालन करणाऱ्या श्वेता मॅडमनी मला पाच मिनिटं दिली आहेत. देताना त्या हसल्या, कारण इंग्रजीच्या मास्तराला पाच मिनिटं देणं म्हणजे काय हे त्यांना माहीत आहे. मला थोडा वेळ जास्त लागेल. मी मघापासून तीनदा पाणी प्यालो, ते आपण पाहिलंच असेल. एप्रिलमधलं नागपूर आहे, कूलर नुसता आवाज करतो आहे, तेव्हा घामाचं खापर उन्हावर फोडता येईल. पण खरं सांगतो, हा घाम उन्हाचा नाही. तीस वर्षं खडू हातात घेऊन मुलांसमोर उभा राहिलो, पण आजच्यासारखी भीती कधी वाटली नाही.

मास्तर घाबरला की तो काय करतो? तो शिकवायला लागतो. मीही तेच करणार आहे, एवढी सवलत आज मला द्या.

इंग्रजीत गुपित उघड करण्यासाठी एक शब्द आहे, डायव्हल्ज. कोणी डिव्हल्ज म्हणतं. दोन्ही चालतात, त्यावरून भांडू नये. आपण मराठीत वाच्यता करणं म्हणतो, बोभाटा म्हणतो, भांडं फुटलं म्हणतो. पण हा शब्द आला कुठून? मूळ लॅटिन. त्यात ‘वल्गस’ म्हणून एक शब्द बसलेला आहे. वल्गस म्हणजे सामान्य लोक, बाजारातली, रस्त्यावरची माणसं. एखादी गोष्ट या लोकांमध्ये पसरवणं, म्हणजे डायव्हल्ज करणं. सुरुवातीला त्याचा अर्थ साधा होता, जाहीर करणं. गुपिताचा वास त्याला नंतर लागला. याच मुळातून ‘व्हल्गर’ हाही शब्द निघाला. म्हणजे बघा, जे सामान्य लोकांचं ते असभ्य ठरलं, आणि त्यांच्यापर्यंत जे पोचलं ते फुटलं असं ठरलं. कोणी ठरवलं? ज्यांच्याकडे कुलपं होती त्यांनी. आपला मराठी माणूसही घरातली गोष्ट ‘चव्हाट्यावर मांडू नका’ म्हणतो. चव्हाटा म्हणजे चार रस्ते मिळतात ती जागा. लॅटिनवाल्यांना भीती लोकांची होती आणि आपल्याला रस्त्याची, अर्थ एकच.

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळाकडे पाहिलंत ते माझ्या लक्षात आलं. मी मुद्द्यावर येतो. येताना पाय जड होतात, एवढंच.

प्रेमिलाबाई आपल्या कॉलेजात ग्रंथालय परिचर म्हणून लागल्या, तेव्हा आपली लकडगंजची ही इमारत दोनमजली होती. त्यांचे यजमान संघपालजी जवळच एका आरागिरणीत काम करत. बाई दहावी झालेल्या, पण अक्षर असं की कार्यालयातले लिपिक आपले फलक त्यांच्याकडून लिहून घेत. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे त्या रजिस्टर न बघता सांगत. कुणी कुठलं पुस्तक नेलं हे मात्र दुसऱ्याला कधी सांगत नसत. एका प्राध्यापकांनी एकदा विचारलं होतं की अमक्या सरांनी कोणतं पुस्तक नेलं आहे. बाई म्हणाल्या, ते परत आलं की तुम्हाले देतो, नाव कायले पायजे?

ग्रंथालयाच्या दाराशी एक काळा फळा होता. जुन्या लोकांना आठवेल. त्यावर रोज सकाळी एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ आणि त्याचं मूळ लिहिलेलं असे. खाली ‘संकलन : ग्रंथालय’. तो उपक्रम माझा होता. मी शब्द निवडायचो, ग्रंथालयाच्या जुन्या सूचीची बाद झालेली कार्डं होती, त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचो आणि दोन आठवड्यांची कार्डं रबर लावून शनिवारी बाईंच्या हातात द्यायचो. त्या रोज एक कार्ड काढून फळ्यावर उतरवायच्या. खाली तुमचं नाव लिहू का, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी म्हणालो, नको, नाव कशाला? तो विनय होता, निदान मला तसं वाटायचं. पुढे हाच विनय माझ्या फार कामाला आला.

अकरा वर्षांपूर्वी, आपल्या सहा शाखांतल्या अकरावीच्या मुलांसाठी संस्थेची इंग्रजीची परीक्षा होती. जो पहिला येईल त्याचं पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा सगळा खर्च संस्था करत असे. प्रश्नपत्रिका कोण काढतो हे फक्त परीक्षा सचिवांना आणि कार्याध्यक्षांना माहीत असायचं. त्या वर्षी ती मी काढली. काढणाऱ्याला एका छापील हमीपत्रावर सही करावी लागते. त्यात वाक्य असतं की मी यातलं काहीही डायव्हल्ज करणार नाही. सही करता करता मला शब्द आवडला. शब्दज्ञानाच्या प्रश्नात नऊ शब्द झालेले होते, दहावा हा घातला. मास्तर किती हुशार असतो बघा.

या दहा शब्दांचा कच्चा मसुदा मी माझ्या सवयीप्रमाणे, अर्थ आणि मुळासकट, त्याच जुन्या कार्डांच्या पाठीवर केला होता. प्रश्नपत्रिका लिहून झाली, लखोटा बंद झाला, सचिवांकडे गेला. माझ्या टेबलावर मात्र एकसारख्या दोन गड्ड्या उरल्या, रबर लावलेल्या. एक प्रश्नपत्रिकेची आणि एक फळ्याची. शनिवारी मी एक उचलली आणि प्रेमिलाबाईंना दिली.

कोणती गड्डी गेली ते आपल्याला कळलं आहे.

सोमवारपासून परीक्षेचा एकेक शब्द अर्थासकट फळ्यावर झळकू लागला. मी रोज त्या फळ्यासमोरून वर्गावर जात होतो. नऊ दिवस मी त्यावर नजर टाकली नाही. ज्यानं शब्द निवडले त्याला फळा वाचायची काय गरज? दहाव्या दिवशी, गुरुवारी, परीक्षेच्या आदल्या सकाळी, जाता जाता माझं लक्ष गेलं. बाईंच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, डायव्हल्ज.

माझ्या कानांत आवाज बंद झाले. जिन्यावरून मुलं बोलत येत होती, त्यांचे ओठ दिसत होते आणि ऐकू काही येत नव्हतं. मी डस्टर घेतलं आणि फळा पुसायला लागलो. बाई आतून आल्या. म्हणाल्या, “काहून पुसून राहिले सर? आत्ताच तं लिहिलं मी.”

मी म्हणालो, काहीतरी चुकलंय. त्यांनी कार्ड काढून पाहिलं आणि माझ्यासमोर धरलं. तुमच्याच हातचं हाय, म्हणाल्या. मग त्यांनी कार्डावरचा लॅटिनचा मजकूर मला विचारला, कारण न समजता त्या फळ्यावर काही लिहीत नसत. मी कसाबसा सांगितला, मघाशी आपल्याला सांगितला तसा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे लोकायले सांगणं. मंग त्यात भ्यायचं काय सर?”

आणि त्यांनी तो शब्द पुन्हा लिहिला.

त्या वेळी सकाळचे साडेआठ झाले होते. परीक्षा दुसऱ्या दिवशी दहाला होती. सचिवांच्या कपाटात प्रश्नपत्रिकेचा दुसरा संच तयार असतो, हे मला माहीत होतं. एक फोन करायचा होता, माझी चूक झाली, संच बदला, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्दांत सांगता आलं असतं. मी मोबाइल हातात घेऊन दिवसभर फिरलो. प्रत्येक तासानंतर ठरवलं की पुढच्या तासानंतर करू. संध्याकाळी ठरवलं की कोणाच्या लक्षातही येणार नाही. भीती माणसाला फार पटेल असं बोलते हो.

लक्षात आलं. आपल्या शाखेच्या मुलांचा तो प्रश्न झाडून सगळा बरोबर होता. इतर शाखांनी तक्रार केली. आणि सहा शाखांतून पहिली आली होती मोनाली संघपाल खोब्रागडे, प्रेमिलाबाईंची मुलगी. ती माझ्याच वर्गात होती. ती एरवीही पहिलीच आली असती. तिचा निबंध मी स्वतः वाचला होता, आजही त्यातला एक परिच्छेद मला पाठ आहे. पण फळा लिहिणारी आई आणि पहिली आलेली मुलगी, एवढं लोकांना पुरे होतं.

चौकशी बसली. ठवरे साहेब, आपणच अध्यक्ष होतात. प्राचार्यांच्या त्या जुन्या खोलीत आम्ही दोघं समोरासमोर होतो, बाई उभ्या आणि मी खुर्चीवर. आपण मला विचारलंत, भोयर सर, हे फळ्याचं काय प्रकरण आहे? मी उत्तर दिलं, “फळ्यावर शब्द प्रेमिलाबाई लिहितात.”

वाक्य खरं होतं. व्याकरणात बसणारं, पुराव्यात टिकणारं, शंभर टक्के खरं. आपण बाईंकडे पाहिलंत. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, हो, मीच लिहितो. तेही खरं होतं. आपण समजलात की बाईंनी माझ्या टेबलातून काहीतरी पाहिलं असणार, मुलीसाठी. समितीच्या कागदावर तसं आलं. मी त्या कागदाखाली साक्षीदार म्हणून सही केली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त उलटं ठाऊक आहे. मोनालीचा निकाल रद्द झाला. बाईंच्या सेवापुस्तकात ताकीद लागली, लिपिकाची बढती गेली आणि बदली झाली भिवापूर शाखेच्या भांडारात. सात वर्षं त्या गणेशपेठेच्या स्टँडवरून पहाटेची एसटी धरून भिवापूरला गेल्या. मिरचीच्या हंगामात तिथून परत आल्या की पदराला ठसका असायचा, असं संघपालजी एकदा कुणाला हसत सांगत होते. मी शेजारीच उभा होतो आणि हसलोही होतो. चार वर्षांपूर्वी बाई इथे परत आल्या, पण ग्रंथालयात नाही, खालच्या भांडारातच. फळा तर केव्हाच काढून टाकला होता.

आणि मी काय केलं? मी घाबरलो. अकरा वर्षं रोज घाबरलो. बाईंच्या हातात माझ्या अक्षरातली दहा कार्डं आहेत, असं मी धरून चाललो होतो. भिवापूरहून कोणी आलं की मला वाटायचं, बोलल्या असतील. कार्यालयातून बोलावणं आलं की वाटायचं, कार्डं पोचली. जिन्यात त्या समोर आल्या की मी मोबाइल कानाला लावायचो. या काळात मला विभागप्रमुखपद मिळालं, दोनदा शाल मिळाली, आणि येत्या जुलैपासून प्राचार्यपदाचं पत्रही मिळालं आहे. प्रत्येक सत्काराला मी आधी सभागृहात बघून घ्यायचो की खोब्रागडे बाई आल्या आहेत का.

काल संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायला गेलो असं सांगितलं तर आपल्याला बरं वाटेल, पण मी त्यासाठी गेलो नव्हतो. आज निरोपाला उत्तर देताना त्या काय बोलणार आहेत, हे काढून घ्यायला गेलो होतो. त्यांनी चहा केला. मी उन्हाचं बोललो, पेन्शनच्या कागदांचं बोललो. शेवटी विचारलं, बाई, ती कार्डं कुठे आहेत?

त्या म्हणाल्या, तुमच्यापाशीच तं हायेत सर. चौकशी झाली त्याच दिवशी, ग्रंथालयाची चावी द्यायच्या आधी, त्यांनी ती दहाही कार्डं माझ्या मोठ्या शब्दकोशात ठेवली होती. ‘डी’च्या पानात. तो शब्दकोश स्टाफरूममधल्या माझ्याच कपाटात अकरा वर्षं पडलेला आहे. मी त्या दिवसापासून तो उघडला नाही, शब्द मोबाइलवर बघतो. बाईंना वाटत होतं की सरांनी कार्डं पाहिली, आणि तरी सर गप्प राहिले.

मी विचारलं की तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत? त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण माझ्या शब्दांवर माझा भरवसा उरलेला नाही. “मी थांबली होती सर. तुम्ही पुढचं वाक्य बोलसान म्हणून थांबली होती. मी तुमचं नाव घेतलं असतं तं कोणी मानलं असतं का? आन् तुम्ही सांगितलं असतं तं कोणी नाकारलं असतं का?” मग म्हणाल्या, “मले भेव होतं. नोकरीचं होतं, पोरीचं होतं. तुम्हाले कशाचं होतं सर?”

मी रात्रभर याचं उत्तर शोधलं. नोकरी जाणार नव्हती माझी. फार तर समज मिळाली असती, चार दिवस स्टाफरूममध्ये हसले असते, इंग्रजीच्या मास्तरानं गड्ड्या बदलल्या म्हणून. त्या हसण्याला मी घाबरलो. एवढ्यासाठी मी एका बाईला सात वर्षं एसटीत बसवलं.

आज सकाळी मी शब्दकोश उघडला. ही ती कार्डं. दहा आहेत. एका बाजूला ग्रंथालयाचा जुना शिक्का आहे आणि पाठीवर माझं अक्षर आहे. अध्यक्ष महोदय, ती मी आपल्या टेबलावर ठेवतो. सोबत माझा लेखी जबाब आहे आणि प्राचार्यपदाचं ते पत्रही परत करतो आहे. माझं जे करायचं ते संस्थेनं करावं. मला एकच विनंती करायची आहे. बाई निवृत्त होत आहेत त्या आधी, त्यांच्या सेवापुस्तकातली ती ओळ आपल्या हातानं खोडा. शाल उद्या दिली तरी चालेल.

आणि आता ते वाक्य, जे त्या खोलीत बोलायचं राहिलं. फळ्यावर शब्द प्रेमिलाबाई लिहीत होत्या. ते निवडून मी देत होतो. परीक्षेचे शब्द मी त्यांच्या हातात दिले, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी ते मला कळलं होतं.

मोनाली तिसऱ्या रांगेत बसली आहे. वर्ध्याच्या एका रुग्णालयात ती परिचारिका आहे, आज रजा घेऊन आली आहे. तिला इंग्रजीची प्राध्यापक व्हायचं होतं. मीच वर्गात उभं राहून तिला सांगितलं होतं की तू होशील. मोनाली, तुझा निकाल मी रद्द केला. समितीनं नुसती सही केली. यावर तू मला काही म्हणावंस अशी माझी अपेक्षा नाही, आणि काही म्हणालीस तर ते ऐकायला मी इथे आहे.

संयोजकांनी मला बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. श्वेता मॅडम, पाच मिनिटांची वीस झाली, त्याबद्दल दिलगीर आहे. भाषणाच्या शेवटी वक्ता म्हणतो की काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. जास्त बोललो ते आज, ते जरूर पोटात घाला. कमी बोललो होतो ते अकरा वर्षांपूर्वी. ते घालू नका.

यानंतर सत्कारमूर्तींचं भाषण आहे. त्या काय बोलणार आहेत हे त्यांनी मला काल शेवटपर्यंत सांगितलं नाही. प्रेमिलाबाई, या, माईक तुमच्या उंचीला करून ठेवला आहे. मी खाली पहिल्या रांगेत बसतो आहे, तिथून मला उठून जाता येणार नाही.